ऊर्जेचा जमाखर्च



गिरणीतून आणलेल्या दळणाचा डबा हाताला गरम लागतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ही ऊब आली कोठून? विजेच्या मोटरीने पट्टा फिरविला, पट्ट्याने दगड फिरविला, आणि घर्षणाने त्या ऊर्जेचा काही अंश उष्णता होऊन पिठात उतरला. रूप पालटले, ऊर्जा नष्ट झाली नाही. इंग्लंडात जेम्स ज्यूल याने १८४० नंतरच्या दशकात हेच मोजून दाखविले. खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर त्याने पाण्यात वल्ही फिरविली, पाणी किती तापले ते पाहिले, आणि ठराविक कामापासून ठराविकच उष्णता मिळते हे सिद्ध केले.

परंतु या नियमावरही एकदा किटाळ आले. काही किरणोत्सर्गी अणूंच्या गर्भातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. गर्भ दर वेळी सारखीच ऊर्जा सोडतो. मग प्रत्येक इलेक्ट्रॉनापाशी ती सारखीच सापडावयास हवी. पण कोणापाशी पुष्कळ, तर कोणापाशी थोडी! १९२७ साली एलिस आणि वूस्टर यांनी अशा एका पदार्थाची उष्णता कोंडून मोजली. हिशेबाने निघावयाची तिच्या सुमारे एक-तृतीयांशच ती भरली. बाकीची गेली कोठे? नील्स बोर यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञही म्हणू लागले की, अणुगर्भात कदाचित हा नियम चालत नसावा.

वोल्फगांग पाउली यांना हे पटेना. ४ डिसेंबर १९३० रोजी त्यांनी ट्यूबिंगेन येथे जमणाऱ्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिले, की इलेक्ट्रॉनाबरोबर विद्युत्‌भार नसलेला एक कण ही ऊर्जा घेऊन निसटत असावा. झुरिचमधील नृत्यसमारंभामुळे आपणांस येता येत नाही, असेही त्यांनी त्यात कळविले! या कणालाच पुढे न्यूट्रिनो हे नाव मिळाले. पण तो धरावा कसा? तो अख्ख्या पृथ्वीतूनही सहसा न अडखळता आरपार जातो. अखेर १९५६ साली अमेरिकेत राइन्स आणि कोवन यांनी अणुभट्टीजवळ त्याच्या खुणा पकडल्या, आणि पाउलींना तार गेली.

श्रोतेहो, रोजमेळ जुळला नाही म्हणून दुकानदार बेरजेलाच खोटे ठरवीत नाही. नोंदावयाची राहिलेली रक्कम शोधतो. पाउलींनी तेच केले. मात्र ती रक्कम प्रत्यक्ष हाती लागावयास २६ वर्षे जावी लागली. नियमावर श्रद्धा असावी, पण तिला प्रयोगाची साक्ष मिळेपर्यंत शोध थांबवू नये, एवढेच सांगून आपली रजा घेतो.