शंखांतला बिऱ्हाडकरू

कोल्हापूरची मंडळी आंबा घाट उतरून रत्नागिरीस गेली, कीं मुलांचे खिसे शंखांनीं भरतात. परतण्यापूर्वींच एखादा शंख खिशांत आपण होऊन चालूं लागतो आणि एकच गलका होतो!

हा शंख गोगलगाईच्या जातीच्या प्राण्यानें बांधलेला असतो. तो मेल्यावर रिकाम्या घरांत खेकडा बिऱ्हाड थाटतो. यासच संन्यासी खेकडा म्हणतात. कोंकणच्या वाळूंत आढळणाऱ्या याच्या एका वंशास शास्त्रज्ञांनीं डायोजिनीस हें नांव दिलें आहे. तो ग्रीक तत्त्ववेत्ता रांजणांत राहत असे.

परक्या घराची गरज त्यास कां पडावी? उत्तर अंगरचनेंतच आहे. डोकें व छाती यांवर कठीण कवच असतें. पण पोट मऊ, उघडें आणि उजवीकडे वळलेलें असतें. बहुतेक शंखांचे वेढेहि उजवेच. पायांच्या जोड्या पांच. पहिली नांग्यांची, डायोजिनीसची डावी नांगी मोठी असून, तो आंत शिरला कीं तीच दाराचें काम करिते. दुसऱ्या व तिसऱ्या जोडीनें तो चालतो. उरलेल्या दोन आंखूड जोड्या शंख आंतून सांवरतात. शेपटाकडील खरखरीत उपांगें शंखाच्या मधल्या खांबास इतकीं घट्ट धरितात, कीं ओढल्यास खेकडा तुटेल, पण सुटणार नाहीं.

ओहोटीच्या वेळीं उथळ पाण्यांत तो कुजका पाला व मेलेले जीव खाऊन किनारा स्वच्छ करितो. त्याचीं पिल्लें प्रथम समुद्रांत तरंगतात. तळाशीं येतांच शंखाचा शोध सुरू होतो. पुढें अंग वाढतें, शंख मात्र वाढत नाहीं. म्हणून मोठा शंख सांपडला, कीं कित्येकदां लहानमोठे खेकडे ओळीनें जमतात; पहिल्यानें घर बदलतांच त्याच्या जुन्या घरांत दुसरा, दुसऱ्याच्या घरांत तिसरा शिरतो.

ही घराची ओढ प्राणघातकहि ठरते. कोकोस व हेंडरसन बेटांवर याचे जमिनीवर राहणारे भाऊबंद टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत शिरून अडकतात. मेलेल्याचा वास म्हणजे त्यांच्या लेखीं रिकाम्या शंखाची वर्दी. त्यामुळें एकामागून एक आंत जातात. अशा रीतीनें सुमारें ५ लक्ष ७० हजार खेकडे मेल्याचा अंदाज २०१९ सालीं प्रसिद्ध झाला.

तेव्हां वाळूंतला शंख पाहावा, मुलांना दाखवावा आणि जेथल्या तेथें ठेवावा. आज तो रिकामा असला, तरी उद्यां कोणाचें तरी घर व्हावयाचा असतो.