चार दिवस आणि शहात्तर वर्षं



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘रणांगणावरचे वीर’. मी फोन करून म्हटलं, एकच वीर घेतो, आणि तोही लढाईवरून धडधाकट घरी आलेला. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, “परत आलेला... बरं, चालेल.” त्या ‘चालेल’वर मी आज बोलणार आहे.

परमवीरचक्र आजवर २१ जणांना मिळालं. त्यांतली १४ मरणोत्तर. जे सात हयात राहिले त्यांतले एक रामा राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावी. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. वडील पोलीस खात्यात शिपाई; त्यांच्या बदल्या होत, तसं पोराचं शाळेचं दप्तरही गावोगाव हिंडलं. १९४० साली बावीस वर्षांचे राणे बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. सॅपर्सचं घर म्हणजे आपली खडकी. पूल बांधायचे, रस्ते काढायचे, सुरुंग पेरायचे आणि शत्रूनं पेरलेले उचलायचे, ही त्यांची कामं. दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशात, अराकानच्या आघाडीवर होते. साध्या शिपायापासून पायरी पायरी चढत डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना कमिशन मिळालं, सेकंड लेफ्टनंट झाले. त्याला चार महिने होतात न होतात तोच काश्मीरच्या लढाईतला नौशेरा-राजौरी रस्ता वाट्याला आला.

मार्च १९४८ मध्ये झांगड परत घेतल्यावर आपल्या फौजेला राजौरीकडे सरकायचं होतं. रस्ता डोंगरातला. शत्रूनं त्यावर सुरुंग पेरले होते, चीडाची झाडं आडवी पाडली होती, मोऱ्या उडवल्या होत्या. पुढे जायचे रणगाडे. पण रणगाडा कितीही बलदंड असला, तरी सुरुंग उचलल्याखेरीज त्याचं पाऊल पुढे पडत नाही. ते उचलायचं काम राण्यांच्या तुकडीकडे होतं.

राण्यांचं मानपत्र जरूर वाचा. शौर्याची मानपत्रं सहसा विशेषणांनी भरलेली असतात. तशी यातही आहेत, पण मला ते वाचताना मुकादमाची हजेरीवही वाचतोय असंच वाटत राहिलं. ८ एप्रिल, सकाळी ११: नाडपूरच्या दक्षिणेला तुकडी रणगाड्यांपाशी थांबलेली असताना उखळी तोफांचा मारा, दोन ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे. लगेच तुकडीची पुन्हा जुळवाजुळव आणि काम सुरू. दुपारी साडेचारला बरवालीची धार ताब्यात आली, की वळणरस्ता काढायला सुरुवात. ते काम रात्री १० पर्यंत, शत्रूच्या डोळ्यांदेखत. ९ एप्रिल, सकाळी ६ ते दुपारी ३: वळणरस्ता पुरा. पुढे अर्ध्या मैलावर झाडं आडवी; उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं, पुन्हा उडवली. मग उडवलेली मोरी. सव्वासहाला, उजेड जात असताना, पाच मोठ्या चीडांचा अडसर, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. तिथेही राणे सुरुंग काढायला बसलेच. शेवटी रणगाड्यांच्या कमांडरनंच सगळ्यांना रात्रीपुरतं थांबवलं. १० एप्रिल, पहाटे पावणेपाच: त्याच अडसरावर पुन्हा हात. साडेसहाला तो मोकळा, साडेदहाला पुढचे हजार यार्ड मोकळे. तिथून रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले.

रणगाडे गेले. इथं कुणीही म्हटलं असतं, झालं काम. राणे मात्र रस्त्यावरच राहिले, कारण मागून दाणागोटा, दारूगोळा आणि औषधं घेऊन येणाऱ्या गाड्या नदीच्या पात्रातून जाणार नव्हत्या. पोटात अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री ९ पर्यंत काम चालू. ११ एप्रिलला सकाळी ६ ला पुन्हा सुरुवात; ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. आणि त्या रात्री १० पर्यंत पुढचा. मला विचाराल तर परमवीरचक्र या शेवटच्या दीड दिवसाचं आहे. तोफा डोक्यावर असताना माणूस आवेशात बरंच करून जातो. रणगाडे निघून गेल्यावर मागच्या भाकरीच्या गाड्यांसाठी वाकून माती उकरत राहायला निराळा पिंड लागतो. घर चालवणाऱ्या माणसाचा.

सुरुंग उचलणं म्हणजे काय, हे मी लहानपणी पाहिलंय. आमच्या वाड्यात सॅपर्समधून निवृत्त झालेले एक हवालदार राहायचे. आम्ही पोरं त्यांना बाबा म्हणत असू. एकदा त्यांनी अंगणातल्या भुसभुशीत मातीत नारळाची करवंटी पुरली आणि छत्रीची काडी माझ्या हातात दिली. मी ती उभी खुपसली. करवंटी टक्कन वाजली. बाबा म्हणाले, “मेलास.” मग माझं मनगट धरून काडी तिरकी केली. उभी काडी सुरुंगाच्या डोक्यावर बसते, तिरकी त्याच्या कुशीला लागते. कुशीला लागली की काडी ठेवायची बाजूला आणि बोटांनी माती सारायची, दुधावरची साय काढतात तशी. वर माती दिसत नाही म्हणून लगेच उचलायचं नाही. आधी खाली बोट घालून पाहायचं, दुसरा कुणी बसलाय का. हे सगळं पोटावर पडून, बोट बोट पुढे सरकत.

बाबांना पदक नव्हतं. नातीला शाळेत सोडायला निघाले, की नगरपालिकेनं नुकत्याच बुजवलेल्या खड्ड्याला वळसा घालून जात. आम्हाला हसू यायचं. आता येत नाही.

परत राण्यांकडे. २१ जून १९५० ला त्यांचं परमवीरचक्र जाहीर झालं. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्मानं त्या युरोपातल्या, लग्नानं आपल्या मराठी घरातल्या. पदकावर त्यांनी इंद्राचं वज्र चार वेळा कोरलं. वज्र म्हटलं की दधीची आला. त्यानं देह ठेवला, तेव्हा त्याच्या अस्थींचं वज्र झालं. पदकाच्या कथेतच मरण धरलेलं आहे. राण्यांनी हाडं सलामत घरी आणली, आणि आपल्या कथेत त्यांची जागा तिथेच अडली. पोवाडा शेवटच्या श्वासावर संपतो. पुढची ४६ वर्षं कोण गाणार?

त्या ४६ वर्षांचा साधा हिशेब मांडू. लग्न १९५५ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तोवर अर्धं आयुष्य छावण्यांत गेलेलं. १९५८ मध्ये मेजर हुद्द्यावर निवृत्ती, वय चाळीस. या दोन सालांमधलं अंतर बघा, तीन वर्षं. ज्या वयात इतरांचा संसार रांगेला लागलेला असतो, त्या वयात ह्यांचा जेमतेम मांडला जात होता आणि गणवेश उतरला होता. फौजी घरातली कुठलीही बाई तुम्हाला सांगेल की लढाईपेक्षा हे साल अवघड असतं. राणे पुन्हा सैन्याच्याच नोकरीत रुजू झाले आणि १९७१ च्या एप्रिलपर्यंत राहिले. परमवीरचक्राचा मानकरी चाळिशीनंतरही तेरा वर्षं नोकरी करत होता, हे आपल्या कुठल्याही धड्यात येत नाही. धड्यात रणगाडे येतात.

१९८४ साली शिपिंग कॉर्पोरेशननं आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली. त्यातल्या एका जहाजाचं नाव लेफ्टनंट रामा राघोबा राणे, पीव्हीसी. आपल्या नावाचं जहाज समुद्रावर चालतंय आणि आपण जमिनीवर हयात आहोत, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा २००६ मध्ये बसला. २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव मिळालं. हे सगळं ठीक आहे. पण जहाज आणि बेट तुमच्या-माझ्या दारात येत नाही. दारात येतो तो शेजारचा म्हातारा, ज्याला आपण ‘मिलिटरीवाले काका’ म्हणतो आणि पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी उभा करून मोकळे होतो.

११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये राणे गेले. वय शहात्तर. युद्धभूमीपासून दूर, म्हातारपणी, इतर म्हातारी माणसं जातात तसे.

संयोजकांची परवानगी घेऊन मी एक आगाऊपणा केला आहे. बाहेर पाणी ठेवलंय त्या टेबलावर एक दोनशे पानी वही आहे. तुमच्या घरात, वाड्यात, गावात कुणी सैन्यातून परत आलेलं असेल, हयात असो वा नसो, तर त्यांची पलटण, भरतीचं साल, घरी परतल्याचं साल आणि परतल्यावर त्यांनी काय काय केलं, एवढं लिहा. पदक नसलं तरी चालेल. पेन दोरीनं बांधलंय, तेवढं तिथेच राहू द्या.