प्रोसेसर निवडताना
सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या चलथाणला घरीच कॉम्प्युटर जुळवायचा, त्यावर मुलांचा अभ्यास आणि साड्यांची डिझाइनंही करायची, तर आधी प्रोसेसर ठरवा. मदरबोर्ड त्याच्या सॉकेटला जुळणाराच लागतो. एएमडीचा २०२२चा एएम५ सॉकेट घेतलात, तर रॅम डीडीआर५च हवी; घरातली जुनी डीडीआर४ त्याआधीच्या एएम४ सॉकेटवर चालते. इंटेलच्या मॉडेल नंबराच्या शेवटी ‘एफ’ आहे का, तेवढं नीट वाचा. असेल तर त्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावलं नाही तर पडदा काळाच! दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही. अशा कामाला सहा कोअर पुष्कळ झाले, माझ्या मते. उरलेले पैसे १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर घाला. आणि हो, खोक्यात पंखा आहे ना, तेही विचारा. प्रत्येक प्रोसेसरबरोबर तो येत नाही.