तबकडी वाजविणारे हात

श्रोतेहो, फिरत्या तबकडीला बोट लावलं की घरात ओरडा बसायचा, आठवतं ना? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात त्याच बोटांतून नवे संगीत निघाले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी, शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला बहिणीने भरविलेल्या मेळाव्यात कूल हर्क या तरुणाने तबकड्या वाजविल्या. गाणे थांबून नुसता ताल उरला की लोक रंगून नाचतात, हे त्याने हेरले. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून लावून तो तेवढाच तुकडा लांबवी.

रॉक संगीतातलेही ताल असेच उचलले गेले. एरोस्मिथच्या १९७५ च्या ‘वॉक धिस वे’चा आरंभीचा ताल त्यांतलाच. १९८६ साली रन-डीएमसीने ते गाणे एरोस्मिथच्याच गायक-वादकांना सोबत घेऊन नव्याने म्हटले.

शिक्षकहो, गरीब वस्तीतल्या पोरांनी यंत्राचेच वाद्य केले. वर्गात कुणी बाक बडवू लागला, तर छडी उचलण्याआधी क्षणभर त्याचा ताल ऐका.