भाजलेली टिकली



चिनी मातीची परिषद दिल्लीत कशाला, असं काहींनी विचारलं. वसंत विहारालगतची कुसुमपूर पहाडी आज दाटीवाटीची वस्ती म्हणून ओळखली जाते. एकेकाळी तिथे चिनी मातीच्या खाणी होत्या. अरवलीच्या कठीण दगडात शिरलेल्या पेग्मटाइटमधला फेल्डस्पार कुजून ती माती तयार झाली होती. खाणी बंद झाल्या, पण राजधानी परिसरातलंच खुर्जा शहर मातीवरच जगतं. आपल्या घरातली लोणच्याची बरणी कदाचित तिथल्याच भट्टीतून आलेली असेल.

माती निवडताना आपण आधी पांढरेपणा बघतो. मीही तेच केलं होतं. कपबशांसाठी दुधासारखी शुभ्र माती घेतली, दोन ट्रक उतरवून घेतले आणि भट्टी उघडली तर माल पिवळट निघाला. कच्च्या मातीत न दिसणारं लोह भाजल्यावर दिसतं. कामगारांसमोर उभं राहायची लाज वाटली होती. त्या दिवसापासून नमुन्याची टिकली भाजून पाहिल्याशिवाय मी सौदा केलेला नाही.

शिवाय एकाची उत्तम माती दुसऱ्याच्या उपयोगाची नसते. भांड्यांना लवचिकता आणि कच्च्या घडणीची ताकद हवी. कागदाच्या लेपाला दोन मायक्रॉनहून बारीक कण भरपूर हवेत, आणि दाट कालवूनही लेप वाहता राहायला हवा. कणभर वाळू आली तरी यंत्राची पाती झिजतात. रबरवाल्यांनी तांबं आणि मँगनीज तपासावं, कारण त्यांच्या अंशानेही रबर लवकर जुनं होतं.

मला सर्वांत जास्त आशा सिमेंटची वाटते. एलसी३ सिमेंटच्या संशोधनात स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलबरोबर इथल्या आयआयटी दिल्लीचाही वाटा आहे. त्यात नेहमीच्या सिमेंटचा मुख्य घटक असलेलं क्लिंकर साधारण निम्मं, भाजलेली माती ३० टक्के, चुनखडी १५ टक्के आणि उरलेला जिप्सम. माती ७०० ते ८०० अंशांवर भाजली की पुरते. क्लिंकरला मात्र १४५० अंश लागतात आणि चुनखडी फुटताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो वेगळाच. २०२३ साली या सिमेंटला भारतीय मानकही मिळालं. या सिमेंटसाठीच्या मातीत ४० टक्क्यांच्या आसपास केओलिनाइट, म्हणजे चिनी मातीचं मूळ खनिज, असलं तरी भागतं, आणि ती लालसर असली तरी हरकत नाही. भांडीवाल्यांनी नाकारलेल्या ढिगांकडे, आमच्या कोकणातल्या जांभ्याखालच्या मातीकडेही, म्हणूनच पुन्हा बघायला हवं. खाणीच्या कडेला टाकून दिलेल्या या मातीची मोजणी आणि चाचणी व्हावी, असा माझा आग्रह आहे.

शेजारच्या दालनात नमुने मांडले आहेत. प्रत्येक कच्च्या ढेकळाशेजारी त्याचीच भाजलेली टिकली ठेवली आहे. चहाच्या वेळी दोन्ही हातात घेऊन बघा आणि तुमच्या पिशवीतले नमुनेही तिथे द्या; छोटी भट्टी संध्याकाळी पेटणार आहे.