तीन सिल्व्हर आणि एक गुडघा : सायाका हिरोताची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

सुरुवातीला एक तारीख सांगते. २५ ऑगस्ट २०१९, स्वित्झर्लंडमधलं बासेल. आठवलं? पी. व्ही. सिंधूने नोझोमी ओकुहाराला २१-७, २१-७ असं हरवलं आणि वर्ल्ड चॅम्पियन झाली. आपण सगळ्यांनी ते व्हिडिओ फॉरवर्ड केले, स्टेटस ठेवले. त्याआधी २०१७ आणि २०१८ अशा सलग दोन फायनल ती हरली होती. तिसऱ्या वेळी मात्र तिने गोल्ड घेतलंच.

आता गंमत बघा. त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये आणखी दोन मुली सलग तिसरी फायनल खेळत होत्या. त्याही २०१७ला ग्लासगोत आणि २०१८ला नानजिंगमध्ये हरल्या होत्या. सिंधूसारखाच प्रवास, तीच शहरं, तेच रविवार. फक्त तिसऱ्या वेळीसुद्धा त्या हरल्या. या दोघी म्हणजे जपानच्या विमेन्स डबल्समधल्या युकी फुकुशिमा आणि सायाका हिरोता. आज बोलायचंय ते हिरोताबद्दल.

सायाकाचा जन्म १९९४चा, कुमामोतोचा. युकी तिच्यापेक्षा वर्षभराने मोठी, तीही कुमामोतोचीच. जपानमध्ये मोठमोठ्या खेळाडू एखाद्या कंपनीच्या टीमकडून खेळतात. तसंच यांचंही होतं, आणि टीम बदलली तरी या दोघी बरोबरच राहिल्या. जपानी फॅन्सनी दोघींच्या आडनावांचे तुकडे जोडून ‘फुकुहिरो’ असं नाव पाडलं.

त्या फायनल किती जवळच्या होत्या ते ऐका. २०१७ला चीनच्या चेन चिंगचेन आणि जिया यीफानविरुद्ध तीन गेम. २०१८ला आपल्याच देशाच्या मायु मात्सुमोतो आणि वाकाना नागाहाराविरुद्ध, आणि तिसरा गेम २२-२० असा गेला. २०१९ला पुन्हा त्याच दोघी समोर, आणि तिसरा गेम २३-२१. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड टायटल दोन-दोन पॉइंटनी हुकलं. आणि हरवणाऱ्या कोण? ज्यांच्याबरोबर नॅशनल कॅम्पमध्ये रोज प्रॅक्टिस करायची, त्याच!

पण त्या काही ‘नेहमी हरणाऱ्या’ नव्हत्या हां. २०१८ला त्या एशियन चॅम्पियन झाल्या. त्याच वर्षी जपानने १९८१नंतर पहिल्यांदा उबर कप जिंकला, त्या टीममध्येही या होत्या. वर्ल्ड नंबर वन झाल्या. मार्च २०२०मध्ये ऑल इंग्लंड जिंकलं, आणि लगेच कोविडमुळे सगळंच थांबलं.

ऑलिम्पिक एक वर्ष पुढे गेलं. टोकियो, घरचं मैदान, आणि या दोघी टॉप सीड. आता तरी गोल्ड, असं सगळ्यांना वाटत होतं. आणि जून २०२१मध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर, हिरोताचा उजवा गुडघा गेला. एसीएल फाटला.

एसीएल म्हणजे काय? मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा एक पट्टा. सरळ चालताना तो नसला तरी एक वेळ भागतं. पण उडी मारून उतरताना, गर्रकन वळताना, पुढे लंज मारून अचानक थांबताना तोच गुडघा धरून ठेवतो. आणि बॅडमिंटन म्हणजे दुसरं काय असतं हो? उडी, वळणं, लंज, थांबणं. ऑपरेशन करायचं तर पुन्हा खेळायला कित्येक महिने लागतात. ऑलिम्पिकला महिनाच उरला होता.

जुलैमध्ये हिरोता कोर्टवर आली तेव्हा तिच्या उजव्या पायाला भलाथोरला ब्रेस होता. बघणाऱ्यांना धक्काच बसला.

आता डबल्सचं गणित समजून घ्या. अटॅक करताना एक पुढे, एक मागे. डिफेन्समध्ये दोघी शेजारी-शेजारी. आणि हे सतत फिरत राहतं. शटल कुठे जातंय यावर जागा बदलत राहायच्या. एकीचा पाय अडला की ते फिरणंच अडतं. मग दुसरीला स्वतःचं कोर्ट सांभाळून शिवाय जोडीदाराचे कोपरेही धावून गाठावे लागतात. फुकुशिमाने टोकियोत तेच केलं.

तरीही त्या ग्रुपमधून पुढे गेल्या. ग्रुपमध्ये त्यांना हरवलं इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली आणि अप्रियानी राहायुने, ज्यांनी पुढे गोल्ड जिंकलं. त्या मॅचमध्येही फुकुहिरोने एक गेम काढला. क्वार्टर फायनलला समोर चेन आणि जिया. पहिला गेम २१-१८ने जपानचा! मग १०-२१, १०-२१. स्कोअर वाचला तरी कळतं, पाय कुठे संपला ते. प्रेक्षकांना बंदी होती, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये, आपल्याच देशात, टाळ्यांशिवाय त्यांचं ऑलिम्पिक संपलं.

आता खरी अडचण इथे आहे, आणि ती तुमच्याशी बोलायचीय. या गोष्टीचं ‘वेदना विसरा, लढत राहा’ असं रील सहज बनेल. मागे ढोलाचं म्युझिक टाकलं की झालं. मला ते पटत नाही. कारण तुमच्यापैकी कुणीतरी आज सुजलेला घोटा घेऊन उद्याच्या मॅचला उतरायचा विचार करत असेल. बाबांनो, नको. हिरोताजवळ डॉक्टर होते, फिजिओ होते, आयुष्यभराची ट्रेनिंग होती. तरी धोका धोकाच होता.

मग तिने चूक केली का? तसंही मी म्हणणार नाही. डबल्समध्ये एकटीने माघार घेता येत नाही. ती थांबली असती, तर फुकुशिमाचंही ऑलिम्पिक गेलं असतं. आणि ती खेळली, तर फुकुशिमाला दोघींचं धावावं लागणार होतं. दोन्ही बाजूंनी कुणीतरी कुणासाठी सोसणारच होतं. असा निर्णय बाहेरून सोपा वाटतो, पण तो त्या दोघींचाच होता.

पुढे ऑपरेशन झालं, २०२२मध्ये ती परत आली. २०२३च्या अखेरीस दुसरा, म्हणजे डावा गुडघा दुखावला. पॅरिस ऑलिम्पिकच्या जपानच्या दोन जागा दुसऱ्या दोन जोड्यांना मिळाल्या. २०२४मध्ये फुकुहिरो ही जोडी संपली. आणि फुकुशिमाची नवी पार्टनर कोण? मायु मात्सुमोतो. दोन वर्ल्ड फायनल जिच्याकडून हरली, तीच!

सिंधूचं गोल्ड आपल्याला पाठ आहे, असायलाच हवं. पण त्याच रविवारी तिसरं सिल्व्हर गळ्यात घालून उभ्या राहिलेल्या त्या दोघीही आठवा. सात महिन्यांनी त्याच ऑल इंग्लंड जिंकून आल्या होत्या.

तुमचा डबल्स पार्टनर कोण? कोर्टवरचा असो की आयुष्यातला, आज त्याला हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर खेळत राहा, आणि दुखलं तर आधी थांबा, दाखवून घ्या!