आडनाव सोडा, माहेर धरा



पत्रिकेत विषय छापलाय, ‘सीमाभागातील घराणी आणि जुने दप्तर’. दप्तराकडं येतोच. त्याआधी माझा हट्ट सांगून टाकतो. पूर्वज शोधायचे तर आडनावाइतकी कच्ची खूण नाही. आजीचं माहेर धरा.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचनेत आपल्या जिल्ह्याचं काय झालं, ते तुम्हांला सांगायला नको. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आंध्रात, आपली भालकी म्हैसुरात. उदगीरच्या शाळेत आडनाव शेवटी राहिलं. नारायणखेडला घराण्याचं नाव पुढं येऊन एका अक्षरापुरतं उरलं. इकडं कुणाचं गळूनच गेलं. चुलतभावांची नातवंडं एकमेकांना ओळखणार कशी?

त्याआधी तरी आडनाव कुठं स्थिर होतं? जसं काम तसं नाव : महसूल बघणारा मालीपाटील, बंदोबस्त बघणारा पोलिसपाटील. पुण्याला गेलेला गावाला ‘कर’ जोडून मोकळा! (हशा) जपून हसा, पहिल्या रांगेत बिरादार बसलेत.

हे आपल्याकडंच नाही. 1665 साली फ्रान्सची कॅरिन्यां-सालिएर पलटण कॅनडात उतरली. शिपायांची टोपणनावं पुढं आडनावं झाली. एका भावाचे वंशज मूळ नाव लावतात, दुसऱ्याचे टोपणनाव. तरी क्वेबेकची माणसं बारा-बारा पिढ्या मागं जातात. कारण चर्चच्या वहीत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावानं. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आयांची माहेरची आडनावं. 1981 पासून तर तिथं लग्नानंतर बाईनं आपलंच नाव ठेवायचं, असा कायदाच आहे.

आणि आपण? पाळण्यातलं नावसुद्धा लग्नात तांदळात पुसतो! पंढरपूर-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, सुगीनंतर दारी येऊन वंशावळ सांगणारा हेळवी, सगळीकडं बाप, आजा, पणजा.

एक गोष्ट सांगतो, लांबली तर खुणवा. इथल्याच एका मालीपाटलांच्या मुलीचं एका ‘कर’वाल्याशी जमलं. मानपान ठरला, यादीचा कागद पुढं आला. कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेल्या मुलीच्या आत्याबाईंनी विचारलं, “कुलदैवत?” “खानापूरचा मैलार.” “देवक?” तेच. अडकित्ता थांबला. “तुमच्या पणजीचं माहेर कुठलं?” नवरदेवाच्या आजीनं गाव सांगितलं, पणजीचं लहानपणचं नाव सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, “ती तर आमची थोरली चुलती. हे भाऊबंद आहेत, उठा!” पंचपक्वान्नं मात्र सगळे जेवूनच उठले. (हशा) आता सांगा, कुठल्या कचेरीत हे सापडलं असतं?

मागून चिठ्ठी आलीय, ‘कुणबी नोंदीवर बोला’. 2023 मध्ये महाराष्ट्रात मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागदाला भाव आला. पण तिथं बापाकडचीच साखळी लागते, म्हणजे आजी पुन्हा बाहेर. याहून जास्त बोलत नाही, मला उदगीरची गाडी सुखरूप गाठायचीय. (हशा) नाही, मी कुणाच्या विरोधात नाही, बसा.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. दप्तर राहिलंच! भरभर सांगतो : जमिनीच्या नोंदींत सेतवार आणि 1954-55 ची खासरा पाहणी, मग शाळेचं प्रवेश रजिस्टर. उर्दू वाचणारा सोबत न्या. आणि तहसिलीत जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांपुढं वही उघडा. प्रत्येकीच्या माहेरचं गाव, पाळण्यातलं नाव, देवक, तिच्या आईचं माहेर, एवढं लिहून घ्या.

शंका चहाच्या वेळी विचारा. फक्त ओळख देताना आडनाव सांगू नका, आजोळ सांगा. (टाळ्या)